छत्रीच्या काड्यांचा अँटेना

पेपरात फोटो आला त्या दिवशी करिष्मानं पेपराला हात लावला नाही. परमेश्वर मामाच्या दुकानात पेपर सकाळी कोरा करकरीत येतो आणि दुपारपर्यंत ग्रीसनं काळा होतो, म्हणून वाचायचा तर सकाळीच. मामानं तो तिच्या पुढ्यात सरकवला, तिनं मागं सरकवला. पण डोळ्यांना कोण अडवणार? पोळ्याला बैलाच्या वशिंडावर हात टाकून माणसं फोटो काढतात ना, तसा विजयसिंह अँटेनावर हात टाकून उभा होता. शेजारी जोगदंड सर, पोट आत घेऊन. खाली लिहिलेलं की पाटोद्याच्या विद्यार्थ्याचं संशोधन तालुक्यात पहिलं आलं.

विद्यार्थ्याचं! पाईपवरचा एकेक वेढा तिनं घातलेला. शेंड्याच्या काड्या ज्या मोडक्या छत्रीतून निघाल्या ती छत्रीसुद्धा मामीची.

तो अँटेना कसा झाला ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर वाटेल पोरगी उगाच फणफणते.

करिष्माचे आईबाप ऊसतोडीला जातात, दिवाळी झाली की कर्नाटकात. म्हणून ती पाटोद्याला मामाकडं राहून शिकते, यंदा अकरावीला. मामाचं मोटार वाइंडिंगचं दुकान. जळालेल्या पाणबुडी मोटारी येतात, मामा त्यांच्या पोटातली जळकी तार उपसतो आणि नवी भरतो. बाकीच्या पोरी मेंदी काढायला शिकल्या त्या वयात करिष्मा तांब्याच्या तारेला पीळ न पडू देता वेढे घालायला शिकली. शाळेत जोगदंड सरांनी हॅम रेडिओचा क्लब काढला. हॅम म्हणजे सरकारी परवाना काढून, निव्वळ हौसेखातर वायरलेसवरून जगभर गप्पा मारणारी माणसं. क्लबला परवाना मिळाला आणि सेट दिला सुंदरराव आबांनी. आबा म्हणजे शाळेच्या संस्थेचे मोठे आणि विजयसिंहचे वडील. सेटचा हार घालून सत्कार झाला. खरंच, हार सेटलाच घातला होता.

पण सेटला अँटेना लागतो. चाळीस मीटरच्या लहरींवर बोलायचं तर साधी तार बांधायला वीसेक मीटर लांबी हवी, आणि शाळेच्या पत्र्यावर वानरांचं राज्य. सरांनी दोनदा तार बांधली, वानरांनी दोनदा झोका खेळून तोडली. तेव्हा करिष्मा म्हणाली की लांब तार पाईपवर गुंडाळून टाकू, अँटेना माणसाएवढा होईल, वापरून झाला की आत आणून ठेवू. सगळे हसले. ती घरी गेली आणि कामाला लागली. पीव्हीसी पाईपवर कॉईल, वर ॲल्युमिनियमची नळी, नळीच्या शेंड्याला छत्रीच्या काड्या चक्रासारख्या पसरलेल्या, खाली जमिनीवर अंथरायला चार तारा. कॉईलला जागोजागी टोकं काढलेली. क्लिप या टोकाला लावली की चाळीस मीटर, त्या टोकाला लावली की वीस, मग पंधरा, मग दहा, असे चार बँड. किती वेळा वेढे कमी-जास्त केले याला गणती नाही. मामी म्हणायची, या पोरीला स्वप्नातसुद्धा तारच दिसत असंल.

आणि पहिल्याच सकाळी, सर शेजारी बसलेले असताना, तिच्या हाकेला हुबळीहून उत्तर आलं. उत्तरेश्वर काका परळीच्या थर्मलमधून रिटायर होऊन लेकाकडं राहायला गेलेले. परळीचा माणूस, त्यामुळं पाटोद्याचं नाव ऐकून गहिवरलाच. म्हणाले, आवाज झ्याक येतोय पोरी, अँटेना कोणता? ती म्हणाली, छत्रीच्या काड्यांचा, मीच केलाय. काका एवढे हसले की स्पीकर खरखरला.

असा तो अँटेना.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशीच नेमका टोळीचा ट्रक निघाला. आईबापांना निरोप द्यायला ती गावी गेलती. अँटेना लॅबमध्ये होता, आणि सर म्हणाले होते, तू जा, आपण बघू. बघितलं ते असं.

ती सरांकडं गेली. सरांनी आधी चष्मा पुसला, मग समजावलं की अगं तू नव्हतीस, कोणीतरी उभं राहायला नको का, शाळेचं नाव झालं ना शेवटी. ती म्हणाली, आता जिल्ह्याला माझं नाव घाला. सरांनी पुन्हा चष्मा पुसला. जिल्ह्याला एकाच विद्यार्थ्याचं नाव चालतं, ते गेलंय, आता बदललं तर आबांना काय वाटेल.

विजयसिंह तिथंच टेबलावर पाय हलवत बसलेला. तो काही वाईट तोंडाचा पोरगा नव्हता, हेच तर जास्त झोंबायचं. हसत हसत बोलायचा.

"तू कावून एवढी तापतीस, करिष्मे? तार तुझी, सेट आमचा. सेटबिगर तुझा अँटेना म्हंजी धुणं वाळत घालायची काठी हाय."

लॅबमधली सगळी पोरं खिदळली. सरसुद्धा, मिशीतल्या मिशीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे करिष्माच्या तोंडावरही एक मेलं हसू आलं, सगळे हसताना येतं तसं. ते हसू तिनं घरी जाऊन तोंड धुतलं तरी गेलं नाही.

मग तिनं ठरवलं. सूड घ्यायचा. शब्द जरा जुनाट आहे, पण दुसरा कोणताच शब्द पुरत नव्हता.

पहिल्यांदा वाटलं, मोडूनच टाकावा. कॉईलवर एक हातोडा. पण मोडला तर वानरांवर नाव जाईल, आणि पुन्हा तिलाच करायला लावतील. मग वाटलं पेपरवाल्याला गाठावं. पण पेपरवाला आबांच्या गाडीतून फिरायचा. आणि खरं सांगायचं तर तिला पेपर नकोच होता. तिला ते विजयसिंहच्या तोंडून हवं होतं. चार लोकांत, मोठ्यानं, त्याच्या स्वतःच्या जिभेनं: हा अँटेना करिष्मानं केलाय. सरांच्या समोर आणि जमलं तर आबांच्या समोर. त्याशिवाय तिला जेवण गोड लागणार नव्हतं.

देव कधी कधी इतका सरळ वागतो की शंका यावी. आठवड्याभरात विजयसिंहच दुकानात आला. बुलेट लांब लावली, मामाला नमस्कार घातला, मोटारीवर टेकायला गेला आणि ग्रीस बघून सरळ उभा राहिला. तालुक्याच्या परीक्षकांनी विचारलं होतं की दर वेळी उठून क्लिप कावून बदलता, हे काय बरोबर दिसत नाही. तर क्लिप न बदलता सगळे बँड लागतील असं काही होईल का? म्हणाला, तुझ्यासारखा हात पाटोद्यात न्हाई.

करिष्मानं तारेचं टोक दातानं सरळ केलं. म्हणाली, होईल की.

तो गेल्यावर मामानं स्क्रू पिळता पिळता विचारलं, "कावून गं, एवढी लाडात कावून आलीस त्याच्या?"

"मामा, जुन्या स्टार्टरचा डबा द्या. आणि त्यातलं ऑईलबी."

मामानं स्क्रू बाजूला ठेवला. मग डबा काढून दिला.

आता इथं एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे, फार अवघड नाही. क्लबमध्ये एक मीटर होता. सेटमधून पाठवलेली ताकद अँटेनानं घेतली की परत फेकली, ते त्याचा काटा दाखवायचा. काटा वर गेला म्हणजे अँटेना वाईट, खाली पडला म्हणजे चांगला. क्लबात त्या काट्याची पूजा चालायची. काटा पडला की सर म्हणायचे, झालं, आणि पोरं टाळ्या वाजवायची. पण काट्याला एवढंच कळतं की ताकद परत आली नाही. ती कुठं गेली ते त्याला कळत नाही. आभाळात गेली काय आणि डब्यात जिरली काय, काटा खालीच. उत्तरेश्वर काकांनीच हे एकदा तिला सांगितलेलं. म्हणाले होते, काटा खूश ठेवायला अँटेना लागत नाही पोरी, एक चांगला रेझिस्टर पुरतो, वीज अडवून जिरवणारा. बाकी पोरं तेव्हा चहाला गेली होती.

करिष्मानं रेझिस्टरांची जुडी केली, सेटला हवा तेवढाच अडथळा बसेल अशी. डब्यात बसवली, वरून स्टार्टरचं ऑईल ओतलं म्हणजे तापून जळायला नको. सगळी ताकद आता त्या ऑईलात जिरणार, बँड कोणताही लावा, काटा तळाला. मग डब्यातून अँटेनाकडं तिनं एक अगदी बारीक वाट ठेवली. ही वाट म्हणजे तिची खरी कारागिरी. त्या वाटेनं काकांचा दांडगा आवाज आत शिरू शकेल, कारण काकांचा सेट मोठा आणि तार उंच. पण शाळेच्या बारक्या सेटचा आवाज त्याच वाटेनं बाहेर पडला तर हुबळीपर्यंत जाईस्तोवर मुंगीच्या शिंकेएवढा.

म्हणजे त्याला सगळं ऐकू येणार. त्याचं कुणालाच ऐकू जाणार नाही. गेले पंधरा दिवस तिचं जे चाललं होतं ते.

मामानं डब्यात डोकावून बघितलं. त्याला रेडिओतलं कळत नव्हतं, पण एका बाजूनं घालून दुसऱ्या बाजूनं काहीच न निघणारं वाइंडिंग त्याला बरोबर ओळखू यायचं. म्हणाला, पाप लागंल. ती म्हणाली, लागू द्या, धुऊन काढीन. आणि झाकणाला रबर लावून, चारी स्क्रू आवळून, वर चंदेरी रंग मारला. इतका देखणा डबा झाला की तिला स्वतःलाच मोह पडला.

जिल्ह्याच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर तिनं तो नेऊन दिला. विजयसिंहनं बँड बदलले. चाळीस, काटा तळाला. वीस, तळाला. पंधरा, दहा, तळाला. क्लिपला हात नाही. सर शेजारच्या खोलीत दुसरा रिसिव्हर घेऊन बसले आणि ओरडून म्हणाले, खणखणीत ऐकू येतंय. शेजारच्या खोलीत तर डब्यातून गळलेलंसुद्धा ऐकू येतं. पण ती कशाला सांगते? विजयसिंहनं तिच्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, जीप रिकामी हाय, तूबी चल उद्या बीडला, धरायला कुणीतरी लागंलच.

ती म्हणाली, येते ना.

जीपमध्ये ती मागं बसली, अँटेना मांडीवर आडवा. लिंबागणेश आलं तसे सर खिडकीतून गणपतीला हात जोडून पुटपुटले. करिष्मानंही हात जोडले. दोघांनी काय मागितलं ते दोघांचं दोघांना माहीत, पण दोन्ही मागण्या देवाला एकदम पुऱ्या करता येण्यासारख्या नव्हत्या.

बीडच्या शाळेचा मोठा हॉल. कोणी बायोगॅस आणलेला, कोणी थेंबाथेंबानं पाणी देणारं यंत्र. विजयसिंहच्या टेबलावर पाटी: बुटका बहुबँड अँटेना, संशोधक विजयसिंह. अँटेना बाहेर व्हरांड्यात उभा केलेला, छत्रीच्या काड्या उन्हात चमकत होत्या, आणि पायाशी चंदेरी डबा. सुंदरराव आबा चार माणसांसह येऊन पहिल्या रांगेत बसले. परीक्षक बाई बाहेरगावच्या, कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या, करारी. त्यांनी हात बांधले आणि म्हणाल्या, दाखवा.

हुबळीच्या काकांशी बोलायची वेळ आधीच ठरलेली. विजयसिंहनं मीटरचा काटा दाखवला, बँड बदलून दाखवले, टाळ्या घेतल्या. मग माईक उचलून काकांना हाक दिली. स्पीकरवरून लगेच काकांचा आवाज आला, पण तो उत्तराचा नव्हता. काका म्हणत होते, पाटोदा, पाटोदा, वेळ झाली, मी वाट बघतोय, कोणी आहे का?

विजयसिंह म्हणाला, काका, मी विजयसिंह बोलतोय. काका म्हणाले, पाटोदा, कोणी आहे का?

तो मोठ्यानं बोलला. मग आणखी मोठ्यानं, जणू हुबळी हॉलच्या पलीकडच्या भिंतीला लागून आहे. काटा तळाला. सरांनी माईकची वायर हलवली, सेटचं बटण फिरवलं, चष्मा पुसला. हॉलमधली माणसं कुजबुजायला लागली. आबांच्या माणसांतला एक जण म्हणाला, बे, समोरचा बहिरा हाय काय. पण काका बहिरे नव्हते. काका मधल्या वेळात केरळच्या कोणाशीतरी दोन वाक्यं बोललेसुद्धा, आणि ते सगळ्या हॉलनं ऐकलं.

करिष्मा खांबाला टेकून उभी होती. सूड म्हटलं की लोक म्हणतात, शेवटी पोकळ वाटतं. तिला काही पोकळ वाटलं नाही. तिला मेथीची गरम भाजी आणि भाकरी पोटात गेल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात स्पीकरवर काका स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. म्हणाले, नवलच आहे, मागं करिष्माचा अँटेना किती झ्याक ऐकू येत होता, पोरीला काही अडचण आली की काय.

परीक्षक बाईंनी बांधलेले हात सोडले. "करिष्मा कोण?"

सर म्हणाले, आमची एक विद्यार्थिनी, मदतीला असते. पण विजयसिंहचा चेहरा वळला. त्यानं व्हरांड्यातल्या चंदेरी डब्याकडं बघितलं, मग खांबाशी उभ्या करिष्माकडं, आणि तिच्या तोंडावर त्याला काय दिसलं कोण जाणे. तो हुशार पोरगा होता, त्याला कळलं. पण पुढं काय करायचं ते कळायच्या आत त्याची जीभ सुटली.

"हिनं केलंय मॅडम! हा डबा हिनंच बनवलाय. अँटेनाबी हिचाच हाय, सगळा हिनं केलाय, मी हातसुद्धा लावला न्हाई त्याला. हिनंच बिघडवलाय!"

करिष्माच्या खोडीचा आरोप करायचा म्हणजे अँटेना तिचा म्हणावा लागणार होता, आणि तो म्हणून मोकळा झाला होता, पहिल्या रांगेतल्या बापासमोर. आबांनी पागोटं नसताना पागोट्यावर हात फिरवावा तसा डोक्यावरून हात फिरवला.

बाईंनी तिला पुढं बोलावलं. विचारलं की हा तुझा? ती म्हणाली, माझा. बिघडवलास? ती म्हणाली, अँटेना न्हाई बिघडवला, त्याच्या तोंडात बोळा घातलाय. बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण त्यांनी तो जागच्या जागी बसवला. म्हणाल्या, काढ.

"काढते. आधी पाटीवर नाव लिहा. त्यानंच लिहायचं."

सर म्हणाले, करिष्मा, आता पुरे कर. बाई म्हणाल्या, लिही रे. विजयसिंहनं स्केचपेन घेतला. कान लाल. संशोधक या शब्दापुढचं नाव खोडून त्यानं करिष्मा लिहिलं. ती म्हणाली, आडनावबी. त्यानं तेही लिहिलं.

मग ती व्हरांड्यात गेली, डबा सोडवला, वायर थेट कॉईलला जोडली, क्लिप चाळिसाच्या टोकाला लावली. आत येऊन सरांकडं बघितलं, कारण क्लबच्या परवान्यावर सरांच्या देखत बोलायचं असतं. सरांनी मान हलवली, दुसरं करतील काय? तिनं एकदाच हाक दिली. अर्धं वाक्य संपायच्या आत काका म्हणाले, आली बघा पोरगी, कुठं होतीस?

बक्षीस बायोगॅसवाल्यांना गेलं. बाईंनी स्पष्ट सांगितलं की प्रदर्शनात फसवाफसवी दोन्ही बाजूंनी झाली, पाटोद्याची शाळा बाद. आबांनी सेट उचलून गाडीत ठेवायला लावला. दिलेली वस्तू परत घेऊ नये, असं म्हणायला सरांचं तोंड उघडलं आणि मिटलं. परतीच्या जीपमध्ये सर पुढं, करिष्मा मागं, अँटेना मांडीवर. सर म्हणाले, क्लब बुडवलास तू. खरंच बुडाला होता. रात्री मामीनं विचारलं, काय मिळालं गं? तिनं भाकरी मागून घेतल्या आणि दाबून जेवली.

तिकडं सेट आबांच्या दिवाणखान्यात शोकेसमध्ये बसला, बाहुल्यांशेजारी. इकडं अँटेना दुकानाच्या कोपऱ्यात. महिनाभर असंच. करिष्मा मोटारी भरायची, कधी खिन्न व्हायची, पण पाटीवर स्वतःचं नाव खोडणारा त्याचा हात आठवला की पुन्हा ताजीतवानी.

एका रविवारी सकाळी बुलेट लांब थांबली नाही, थेट दुकानासमोर आली. विजयसिंहच्या हातात टॉवेलात गुंडाळलेला सेट होता. त्यानं तो काउंटरवर ठेवला. म्हणाला, आबांना समजावलंय, क्लबला परत देतोय. मग टॉवेलाची घडी घातली. म्हणाला, त्यानं परवान्याच्या परीक्षेचा अर्ज भरलाय, घरी लावायला त्याला अँटेना पाहिजे. करून देशील का?

मामा आत उठून गेला. हसू दाबायला गेला असणार.

करिष्मानं त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. तिनं तारेचं बंडल, रिकामा पाईप आणि ब्लेड त्याच्यापुढं जमिनीवर टाकलं.

"करून देत न्हाई. बस, तूच कर. आधी टोकावरचा इनॅमलचा लेप खरवड."

तो बसला. ग्रीसमध्येच बसला. ब्लेड धरता येईना, दोनदा बोट कापून घेतलं, तिनं हळदसुद्धा दिली नाही, चिंधी दिली. मग वेढे घालायला लागला. वेढा वेढ्यावर चढायचा, तार सैल पडायची, मध्येच मोजणी चुकायची. घामानं शर्ट पाठीला चिकटला. तासाभरानं त्यानं मान वर केली आणि पाईप पुढं धरला, झालं म्हणून.

तिनं कॉईलवरून अंगठा फिरवला. एका जागी वेढे जरासे फाकलेले. चाललं असतं. उत्तरेश्वर काकांना काडीचा फरक पडला नसता.

"उलगड," ती म्हणाली. "पहिल्यापासून."